मुरुडची तिथींची वही

कोंकणांतल्या आपल्या मूळ गांवीं जाण्याचा योग कोणास गणपतींत येतो, कोणास आंब्यांच्या दिवसांत. आम्हांस तो गेल्या वर्षीं पितृपक्षांत आला. भाद्रपदाचा वद्य पक्ष हा कांहीं सहलीचा काळ नव्हे, असें घरच्या मंडळींनीं सुचवून पाहिलें. परंतु ज्या कामासाठीं बोलावणें आलें होतें तें काम पितरांचेंच असल्यामुळें आम्हीं त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, पिशवी भरली आणि निघालों.

गांवाचें नांव मुरुड. हें नांव ऐकतांच बहुतेकांस जंजिऱ्याचें मुरुड आठवतें. तें रायगड जिल्ह्यांतलें. आमचें मुरुड रत्नागिरी जिल्ह्यांत, दापोली तालुक्यांत, हर्णै बंदराच्या दक्षिणेस आहे. दापोलीस पूर्वीं इंग्रजांची छावणी होती, म्हणून जुनीं माणसें तिला 'कॅम्प' म्हणत आलीं. तेथून एस्. टी. आसूदचा उतार उतरूं लागली कीं दोहों बाजूंस पोफळींची गर्दी दिसते, हवेंत ओलावा येतो, आणि चार वळणें झाल्यावर समुद्र दृष्टीस पडतो. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचें जन्मगांव मुर्डी ह्याच मुलखांतलें. त्यांच्या पुस्तकांतलीं हट्टी, तोंडाळ आणि आंतून हळवीं म्हातारीं माणसें वाचकांना अद्भुत वाटत असतील. आम्हांस तीं शेजारचीं वाटतात.

मुरुडची ठेवण मोठी देखणी. मधून एक लांब सरळ रस्ता, त्याच्या दोहों अंगांस घरें, घरामागें विहीर आणि आगर. पश्चिमेकडचें आगर संपलें कीं सुरूचीं झाडें आणि पुढें वाळू. गांवचा मनुष्य परगांवीं गेला कीं दोन नांवें हटकून सांगतो. एक, रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक. त्यांचा जन्म येथला, १८३३ चा, आणि 'व्यवहारमयूखा'चें इंग्रजी भाषांतर त्यांचें. दुसरें, महर्षि धोंडो केशव कर्वे. ते १८५८ सालीं आजोळीं शेरवलीस जन्मले, परंतु वाढले मुरुडास. परीक्षेस बसण्यासाठीं हा मुलगा भर पावसांत पायीं घाट चढून साताऱ्यास गेला आणि वयानें लहान दिसतो म्हणून परत पाठविला गेला, ही कथा आम्हीं शाळेंत शिकविली त्याच्या कितीतरी आधीं ओटीवरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. पुढची कथा मात्र ओटीवर कोणी सांगत नसे. १८९३ च्या मार्चांत कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां ह्याच गांवानें सभा भरवून त्यांच्यावर, आणि ते घरीं उतरल्यास घरच्यांवरही, बहिष्कार घालण्याचें ठरविलें. त्या सभेंत आमच्या घरचें कोणी नव्हतें, असें आम्हांस कोणीं कधीं सांगितलें नाहीं. यावरून काय तें वाचकांनीं समजावें.

आमचें बोलावणें मोठ्या माणसांसंबंधीं नव्हतें. तें एका वहीसंबंधीं होतें.

आमचे संस्कृताचे पहिले गुरु म्हणजे गांवचे उपाध्याय. त्यांच्या पडवींत बसून आम्हीं रूपावली आणि अमरकोश पाठ केला. मॅट्रिक झाल्यावर सुटींत रघुवंशाचे सर्ग त्यांच्याचपाशीं वाचले. त्यांच्यापाशीं लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही असे. तींत मास, पक्ष, तिथि, मृताचें नांव, गोत्र आणि शेवटीं श्राद्ध करणाराचा पत्ता, असे रकाने त्यांनीं बोरूनें आंखले होते. मुलें मुंबईस, नातू पुण्यास, पणतू आणखी कोठें. त्यांतल्या एखाद्यास अचानक पणजोबांची तिथि हवी असे आणि गुरुजींस पोस्टकार्ड येई. गुरुजी त्याच दिवशीं उलट कार्ड टाकीत. दक्षिणेचा उल्लेख त्यांत कधीं नसे. आमच्या मतें साऱ्या गांवांत ह्या वहीइतका खरा दस्तऐवज दुसरा नव्हता. तलाठ्याच्या दप्तरांत जमीन कोणाची हें कळे, ह्या वहींत माणूस कोणाचें हें कळे.

गुरुजी गेले, वही राहिली. मग ३ जून २०२० चा दिवस उजाडला. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशीं उत्तरेस रायगडच्या किनाऱ्यावर चढलें, परंतु त्याच्या झपाट्यांत दापोलीचीही किनारपट्टी सांपडली. कौलें पानांसारखीं उडालीं, माड मोडले, पोफळी तर ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. करोनाच्या टाळेबंदीमुळें मुंबईच्या मंडळींस धांवून येणेंही कठीण होतें, आणि वीज नाहीं, दूरध्वनि नाहीं अशा स्थितींत गांवानें कित्येक दिवस काढले. गुरुजींच्या माळ्यावरचें छप्पर गेलें आणि वही भिजली. त्यांच्या नातवानें एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलें. पण बोरूची शाई ती, निम्मी अक्षरें वाहून गेलीं. हा चिरंजीव दापोलीस नोकरी करतो आणि उरल्या वेळांत आजोबांची वृत्ति सांभाळतो. त्यानें फोन केला, "मास्तरकाका, जुन्या माणसांपैकीं आतां तुम्हीच. येऊन बसाल का?" आपण जुन्या माणसांत जमा झालों ही वार्ता आम्हांस अशा रीतीनें कळली.

तीन दिवस आम्ही त्या पडवींत बसलों होतों. समोर फुगलेलीं पानें, शेजारीं नवी वही. कोठें तिथि शिल्लक, नांव गेलेलें. कोठें नुसतें गोत्र. एकेक डाग पाहून आठवावयाचें, कीं येथें कोण होतें.

एका पानावर हर्णैच्या बोटीचे आजोबा निघाले. तरुणपणीं ते आगबोटीनें मुंबईस नारळ-सुपारी नेत. बोट खोल पाण्यांत उभी राही, मचव्यांतून तिच्यापर्यंत जावें लागे, आणि लाट चुकली तर माणूस आणि पोतें दोन्ही पाण्यांत, हें ते आम्हां मुलांस अभिनयासह सांगत. बोट बंद झाल्यावरही समुद्राकडे तोंड करून बसण्याची त्यांची संवय गेली नाहीं. एस्. टी.चा भोंगा वाजला कीं म्हणत, "ही काय हाक आहे?"

दुसऱ्या पानावर दोघे सख्खे भाऊ एकाखालीं एक. वांटणींत त्यांच्या माजघराच्या मधून भिंत आली आणि आगरांतला एक कापा फणस नेमका हद्दीवर राहिला. त्या फणसापायीं दोघे वीस वर्षें एकमेकांशीं बोलले नाहींत. फणस पिकून खालीं पडे, गुरें खात, पण उचलावयास कोणी जात नसे. शेवटीं दोघेही एकाच पंधरवड्यांत गेले. धाकट्याची शाखा पुढें खुंटली. आतां थोरल्याचा नातू दोघांचीं श्राद्धें करतो, आणि भिंतही त्यानेंच पाडली. फणस वादळांत गेला.

ह्या वहींत पांढरपेशांपलीकडचीं नांवें नाहींत, हें तीन दिवसांत आम्हांस वारंवार टोंचत होतें. जिच्या हातावर ह्या नांवांपैकीं निम्म्यांचीं मुलें जन्मलीं ती सुईण कोणत्या तिथीस गेली, हें सांगणारें कोणी नाहीं.

तिसऱ्या दिवशीं चहा घेतांना नातवानें विचारलें, "आणखी कोणी राहिलं का?" तेव्हां आम्हीं जें नांव सांगावयास तोंड उघडलें, तें वहींत भिजून गेलेलें नव्हतें. तें मुळांत लिहिलेंच नव्हतें.

माई नात्यानें आमच्या कोणी नव्हत्या. आमच्या घराला लागून त्यांचें घर. मध्यें चिऱ्यांचा गडगा आणि त्यांत ये-जा करण्यापुरतें बेडें. नवव्या वर्षीं लग्न होऊन त्या मुरुडास आल्या. यजमान मुंबईस कोणा व्यापाऱ्याकडे लिहिण्याच्या कामावर होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत, ज्या साथीस लोक मानमोडी म्हणत, ते तिकडेच गेले. माईंचें वय तेव्हां सोळा. पुढचीं पासष्ट वर्षें त्या लाल आलवणांत त्या घरीं राहिल्या. मूल नव्हतें. दीर वारले, जाऊ वारली, एक पुतण्या होता तो शिकून मुंबईस एका गिरणींत कारकून झाला. घर आणि आगर त्याच्या नांवावर, राबणें माईंचें.

येथें एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. माई विधवा झाल्या त्या सालीं कर्व्यांच्या अनाथबालिकाश्रमास बावीस वर्षें झालीं होतीं, आणि हिंगण्यास त्याची शाळा सुरू होती. दूरदूरच्या गांवांहून विधवा मुली तेथें शिकावयास येत. कर्व्यांच्या स्वतःच्या गांवांतल्या ह्या मुलीस मात्र कोणीं पाठविलें नाहीं. आम्हीं मोठेपणीं त्यांना एकदां विचारलें. त्या सुपारी कातरीत होत्या, हात न थांबवितां म्हणाल्या, "हिंगणं ठाऊक होतं रे. मला कोणी नेलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही." हें सांगतांना त्यांच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता, आणि म्हणूनच तें आमच्या मनांतून जात नाहीं.

माईंस अक्षरओळख नव्हती. पुतण्याचीं पत्रें आणि महिन्याची मनीऑर्डर आमच्या वडिलांच्या नांवें येत, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून तीं पत्रें वाचण्याचें व उत्तरें लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. "ती. माईस बालकाचे साष्टांग नमस्कार, वि. वि." अशी सुरुवात होई. उत्तर सांगतांना माई प्रथम विहिरीचें वर्तमान देत : किती पायऱ्या उघड्या पडल्या, रहाटाचीं किती गाडगीं फुटलीं. मग नारळ किती उतरले, सुपारी किती सोलून झाली, कोणत्या माडाला किडा लागला. स्वतःच्या प्रकृतीचा मजकूर शेवटीं, एका ओळीचा : "माझें बरें आहे." दम्यानें बोलवत नसे तेव्हांही ती ओळ बदलली नाहीं. आमचें अक्षर सुधारलें तें फळ्यापेक्षां ह्या पत्रांनीं.

१९८२ च्या मे महिन्यांतली गोष्ट. आम्ही तेव्हां देशावर शाळेंत नुकतेच लागलों होतों आणि सुटीसाठीं घरीं आलों होतों. मुंबईंत १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरीं बसले होते. कारकुनांचीही तीच गत. एके दुपारीं पुतण्याचें अंतर्देशीय पत्र आलें. माई नेहमीप्रमाणें ओटीच्या पायरीवर येऊन बसल्या आणि आम्हीं पत्र फोडलें.

पत्रांत तीन गोष्टी होत्या. मनीऑर्डर यापुढें पाठवितां येणार नाहीं. आगराचा सौदा ठरला आहे, पावसाळा संपतांच कागद होतील. माईंनीं हयात असेपर्यंत घरांत राहावें, घर विकलेलें नाहीं.

आमचें वय चोवीस होतें. पहिली गोष्ट आम्हीं वाचली. दुसरीपाशीं आलों तेव्हां डोळे वर गेले. माई हातांतल्या काठीनें पायरीवरची मुंगी बाजूस सारीत होत्या. आम्हीं वाचलें, "संप मिटला कीं दिवाळीस घरीं येतों. आगराकडे लक्ष असावें." असें एकही अक्षर त्या पत्रांत नव्हतें. माईंनीं पत्र मागून घेतलें, चार घड्या घातल्या आणि आंत तांदळाच्या डब्यांत नेऊन ठेवलें. पुन्हां वाचावयास सांगितलें नाहीं. उत्तरही लिहवून घेतलें नाहीं.

मृगाच्या आधीं त्यांनीं माडाचीं बारा रोपें आणविलीं. गांवांतला नारळ पाडणारा भंडारी खड्डे खणावयास आला. माई काठी घेऊन मोकळ्या जागांतून फिरत होत्या, एका माडापासून दुसरा पंधरा-सोळा हात हवा म्हणून पावलांनीं मोजीत होत्या, खड्ड्यांत मीठ आणि राख आपल्या हातानें घालीत होत्या. ऐंशी वर्षांची बाई, आणि माडास फळ येण्यास सहा-सात वर्षें तरी लागावयाचीं. आम्ही गडग्याच्या अलीकडून पाहत होतों. पुतण्या येणार, आगर राहणार ह्या आमच्या शब्दावर ही बाई विकल्या गेलेल्या जमिनींत झाडें लावीत आहे, हें पाहून आमच्यानें दोन दिवस नीट जेववलें नाहीं. तरी खरें सांगावयास गडगा ओलांडला नाहीं तो नाहींच. सुटी संपली, आम्ही शाळेवर गेलों. आगराचे कागद झाले, पण नव्या मालकानें माईंच्या हयातींत येणें-जाणें बेतानेंच ठेवलें, त्यामुळें त्यांना कळलें किंवा न कळलें, हें आम्हांस समजलें नाहीं. पुढच्या वर्षीं, १९८३ च्या आषाढांत, वडिलांचें पत्र आलें : वद्य दशमीस पहांटे माई गेल्या, पाऊस फार होता, अग्नि आपण दिला. पुतण्या तेराव्यास येऊन गेला. तोही पुढें निपुत्रिक वारला. श्राद्ध करणाराचा रकाना भरतां येईना, म्हणून गुरुजींच्या वहींत माई आल्या नाहींत.

हें सारें त्या पडवींत सांगून झाल्यावर आम्हांस बसवेना. वाट पायांखालची होती. माईंच्या आगराकडे गेलों. घर केव्हांच पडलें आहे, जोत्याचे चिरे तेवढे उरले आहेत. आगराच्या नव्या मालकानें वादळानंतर पुन्हां लागवड केली आहे. तेथें त्याच भंडाऱ्याची गांठ पडली. नव्वदीस टेकलेला, डोळ्यांस कमी दिसतें. झाडावर चढणें पंचवीस वर्षांमागें सुटलें, तरी सकाळीं एक फेरी आगरांतून मारल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. आवाजावरून त्यानें आम्हांस ओळखलें. माईंचे माड कोणते, हें आम्हीं विचारण्याआधीं तोच हात धरून दाखवूं लागला. बारांपैकीं दोन लहानपणींच मेले. दहांना फळ आलें. वादळानें सात घेतले. तीन उभे आहेत, त्यांतला एक समुद्राकडे झुकलेला. "पहिला पाडा मीच काढला," तो म्हणाला, "माई नव्हत्या तवा."

मग आम्हीं चाळीस वर्षांचें ओझें त्याच्यापुढें उतरविलें. पत्रांत काय होतें आणि आम्हीं काय वाचलें, तें सांगितलें. म्हातारा ऐकत राहिला आणि मान हलवूं लागला.

"माईंना ठावं व्हतं, मास्तर. म्या सांगितलं व्हतं. घेणाऱ्यानं झाडं मोजाया मलाच आणला व्हता ना, शिमग्याच्या सुमाराला."

"पत्राच्या आधीं?"

"आधीच."

"मग रोपें कां लावलीं?"

"म्याबी त्येच इचारलं. तर म्हणाल्या, मधी जागा मोकळी दिसते, तिथं माड पायजे." थोडें थांबून तो म्हणाला, "आन् म्हणाल्या, मास्तरला काय बोलू नको. वाचताना पोराचा आवाज बदलला."

त्यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. म्हातारा मात्र झुकलेल्या माडाकडे वळून त्याला टेका द्यावयास हवा, नवा मालक ऐकत नाहीं, ही आपली गाऱ्हाणी सांगूं लागला. परत येतांना त्यानें खालीं पडलेला एक नारळ उचलून आमच्या पिशवींत घातला आणि मालकास सांगूं नका म्हणाला.

संध्याकाळीं पुन्हां पडवींत बसलों. नातवास म्हटलें, आषाढ वद्य दशमीस एक नोंद कर. श्राद्ध करणाराच्या रकान्यांत आमचा पत्ता घाल. पुत्र नसतां, आप्त नसतां स्नेह्यानें तर्पण करावें यास आमच्या समजुतीप्रमाणें शास्त्राची आडकाठी नाहीं. असली तरी ह्या वयांत आम्ही ती मानणार नाहीं. त्यानें तिथि लिहिली, आणि लेखणी उचलून विचारलें, "नांव काय लिहूं?"

आम्ही गप्प राहिलों. बारा-चौदा वर्षें आम्हीं त्या बाईंचीं पत्रें वाचलीं. आंत "ती. माईस", बाहेर आमच्या वडिलांचें नांव. वडिलांच्या त्या शेवटच्या पत्रांतही "माई गेल्या" इतकेंच. वडील त्यांना माई म्हणत, आई माई म्हणे, भंडारी माई म्हणतो. आलवण नेसण्यापूर्वीं, कुंकू होतें तेव्हां, उखाण्यांत ज्यानें त्यांचें नांव घेतलें असेल तो तर १९१८ सालींच गेला. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावें अशी सोय आहे, आणि त्यांचें गोत्र तर आम्हांस ठाऊकही होतें. नांवाचें काय करावें तें सुचेना. त्या रकान्याची जागा सोडून ठेवावयास सांगितलें.

रात्रीं सुचलें कीं ग्रामपंचायतींत १९८३ च्या मृत्यूंची नोंद असलीच पाहिजे. दुसऱ्या दिवशीं गाडीच्या आधीं तेथें गेलों. तेथल्या गृहस्थांनीं अदबीनें बसविलें, जुनें दप्तर शोधावें लागेल, कांहीं दिवस लागतील असें सांगून एक छापील अर्ज पुढें केला. त्यांत पहिलाच रकाना मृत व्यक्तीच्या पूर्ण नांवाचा होता. तेथें आम्हीं "माई" असें लिहिलें, त्यापुढें तिथि व साल घातलें, घराची खूण दिली, आणि खालीं आपला पत्ता लिहून अर्ज त्यांच्या हातीं दिला.